पान्ह्याचे अर्थशास्त्र

ऑगस्टचा पहिला आठवडा १९९२ पासून जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. आपल्याकडेही त्या सात दिवसांत दवाखान्यांच्या भिंतींवर चित्रफलक लागतात, अंगणवाड्यांतून व्याख्याने होतात आणि आईचे दूध हे अमृत आहे, असे पुन्हा एकदा सर्वत्र सांगितले जाते. त्यात असत्य काहीच नाही. पहिले सहा महिने बालकाला आईच्या दुधाखेरीज दुसरे काही, अगदी पाणीसुद्धा, देण्याचे कारण नाही, असा वैद्यकशास्त्राचा निर्वाळा आहे. प्रश्न निराळाच आहे. अमृताचे एवढे गुणगान करणारा समाज, ते जिच्या देहातून येते तिच्या मनाची विचारपूस कितीशी करतो?

गोठ्यात वावरणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. म्हैस बुजली, परका माणूस जवळ आला किंवा रेडकू दूर नेले, की ती पान्हा चोरते. मग धारेला बसलेला माणूस तिला थोपटतो, पुढे आंबोण ठेवतो आणि धीर धरतो. तिला उपदेश करीत बसत नाही. शरीरविज्ञानाने याचे कारण शोधले आहे. दूध तयार होणे आणि ते उतरणे या दोन वेगळ्या क्रिया असून, दूध उतरविणारा ऑक्सिटोसिन हा अंतःस्राव वेदना, भय आणि चिंता यांमुळे अडतो. मानवी मातेलाही हाच नियम लागू आहे. तिच्या वाट्याला मात्र थोपटणे क्वचितच येते. मूल रडले की 'दूध पुरत नाही वाटते' असे घरातले कोणीतरी म्हणते आणि तिच्या आईपणावरच बोट ठेवले जाते. त्यातून अपराधी भावना, भावनेतून चिंता आणि चिंतेने आटणारा पान्हा असे चक्र सुरू होते. सप्ताहातील व्याख्यानेही, वक्त्यांच्या मनात नसताना, या चक्राला हातभार लावतात.

माहेरच्या सव्वा महिन्याच्या जुन्या रिवाजाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. बाळाला पहिला चीक न देणे, बाळंतिणीला अंधाऱ्या, धुरकट खोलीत कोंडणे, असे पुष्कळ अज्ञान त्यात होते. परंतु हळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांहूनही मोलाची एक गोष्ट त्या रिवाजात होती: बाळंतिणीचे काम तेवढे दिवस दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर असे. शहरातील दोन खोल्यांच्या संसारात आज तो खांदा सहसा नसतो.

याचा परिणाम मोजला गेला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गर्भवतींचा प्रसूतीनंतर मागोवा घेतला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने ग्रस्त आढळल्या. प्रसूतीनंतरचे चार दिवसांचे रडूकोसळेपण निराळे. हा उपचाराची गरज असलेला आजार होता. त्याची कारणे मुख्यतः हॉर्मोनांत सापडली नाहीत. ती सापडली दारिद्र्यात, पतीच्या मारहाणीत आणि मुलगी झाल्याच्या दुःखात. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या लेखात याच गटाने दाखविले, की अशा मातांची बालके सहा महिन्यांची होईपर्यंत वजनात लक्षणीयरीत्या मागे पडतात. बालकाच्या पोषणाची चिंता वाहणाऱ्यांनी मातेच्या मनाला चैनीची बाब मानू नये, यासाठी एवढा पुरावा पुरेसा आहे.

अर्थशास्त्राकडेही या उपेक्षेचा दोष जातोच. शेतकऱ्याच्या म्हशीचे घरातच संपलेले दूध अंदाजे किंमत लावून राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते. त्याच घरातील सुनेचे दूध धरले जात नाही. ते थांबून पावडरीचा डबा आला, की डब्याच्या किमतीने राष्ट्रीय उत्पन्न वाढते! त्या डब्याची जाहिरात आपल्याच १९९२ च्या कायद्याने निषिद्ध केलेली आहे. नॉर्वेने अन्नपुरवठ्याच्या आकडेवारीत आईच्या दुधाची नोंद करून दाखविली. हे अशक्य नव्हे. जे फुकट मानले जाते त्याच्या उत्पादनखर्चाचा विचार कोणी करीत नाही, आणि इथला उत्पादनखर्च म्हणजे मातेची झोप, आहार, वेळ आणि मनःशांती होय.

हा खर्च कोणी सोसावा, ही चर्चा महाराष्ट्राला नवी नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे असल्याने त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, अशी भूमिका मांडली होती. १९२९ चा मुंबईचा कायदा झाला, १९६१ चा केंद्रीय कायदा झाला, २०१७ मध्ये रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. कर्मचारी विम्याच्या कक्षेबाहेर मात्र या रजेचे पूर्ण वेतन एकट्या मालकावरच टाकण्यात आले. मालक हिशेबी असतो. तरुण स्त्रीला नोकरीवरच न घेणे हा त्याला सर्वांत स्वस्त मार्ग वाटला, तर नवल नव्हे.

आणि ज्यांना मालकच नाही, त्यांचे काय? दिवाळीनंतर बीडहून ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा पडला तर दंड असतो. बांधावर झोळीत मूल आणि फडात आई, अशा स्थितीत दिवसरात्रीत आठ-दहा वेळा अंगावर पाजायचे कसे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती व स्तनदा मातांना किमान ६,००० रुपये देण्याचे मान्य केले. २०१७ च्या मातृवंदना योजनेने ५,००० दिले, तेही पहिल्या अपत्यापुरते. दुसऱ्या खेपेस मुलगी झाल्यास साहाय्य देण्याची तरतूद २०२२ मध्ये आली. सहा महिन्यांवर वाटले तर ५,००० रुपये म्हणजे दिवसाला २८ रुपयांहूनही कमी. तेवढ्यावर खाडा परवडत नाही.

मजुरीची भरपाई होईल असे साहाय्य आणि त्याचा भार सार्वजनिक निधीवर, या दिशेने जाण्यास वेळ आणि पैसा लागेल. तोवर एक गोष्ट जवळजवळ विनाखर्च होण्याजोगी आहे. प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ साली एडिंबरो येथे तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली गोव्यातील अभ्यासात वापरली गेली होती. ती काही मिनिटांत पुरी होते. रुग्णालयात प्रसूत झालेल्या मातेकडे आशा स्वयंसेविकेने सहा वेळा जायचे असते. बाळाचे वजन, ताप, बेंबी पाहायची असते. शेवटची भेट ४२ व्या दिवशी, म्हणजे गोव्यातील मातांची पाहणी झाली नेमक्या त्याच सुमारास. त्या दिवशी ती दारात येतेच. वजनकाटा पिशवीत ठेवल्यावर तिने आईसमोर आणखी थोडा वेळ बसायचे आहे आणि सासूला क्षणभर बाहेर जायला सांगायचे आहे.