हार्ड डिस्क बंद पडली तरी वेबसाइट चालू! मग माझा डेटा गेला कसा?



होस्टिंगच्या व्हिडिओत मी प्लॅनच्या यादीतला ‘रेड-१० स्टोरेज’ हा शब्द दाखवला आणि पुढे गेलो. खरं तर तिथे थांबायला पाहिजे होतं. त्याचा अर्धाच अर्थ माहीत असल्यामुळे मी स्वतः एकदा चांगलाच अडकलोय. म्हणून आज तेवढंच, पण नीट.

माझं काय झालं

जांब समर्थला माझं ठिबकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आपल्या भागात मोसंबीच्या बागा, त्यामुळे फिल्टर, लॅटरल, ड्रिपर यांना मागणी असतेच. बाहेरगावच्या ऑर्डरसाठी मी वेबसाइट काढली. दोन वर्षांत ऑर्डर, पत्ते, कोणाची किती बाकी, सगळं तिच्यावरच जमा झालं. कागदाची वही मी बंद केली.

एका रात्री जुने प्रॉडक्ट काढता काढता मी चुकीच्या ठिकाणी ‘डिलीट’ दाबलं. ऑर्डरची सगळी यादी साफ! होस्टिंगवाल्यांना फोन लावला. तिकडचा मुलगा म्हणाला, “सर, आपला सर्व्हर एकदम ओके आहे. रेड-१० आहे ना.”

मी म्हटलं, “मग दुसऱ्या डिस्कवरून माझा डेटा द्या.”

“सर, तुम्ही डिलीट केलं तेव्हा तो दोन्हीकडून डिलीट झाला.”

माझ्या प्लॅनमध्ये बॅकअप नव्हता. तो वेगळे पैसे भरून घ्यायचा होता आणि मी ते वाचवले होते. चूक माझीच. मी आणि बायकोने अकरा दिवस व्हॉट्सअॅपचे मेसेज आणि ईमेल चाळून यादी परत तयार केली. काही लोकांची बाकी मात्र कायमची गेली. कोणाकडे कोणत्या तोंडाने मागायची?

रेड नक्की काय करतं?

आपली वेबसाइट होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि सर्व्हरमध्ये डिस्क असतात. डिस्क ही मोटारीसारखी वस्तू आहे. आज ना उद्या बंद पडणारच. म्हणून एकाऐवजी अनेक डिस्क जोडून डेटा असा ठेवतात, की एक गेली तरी काम थांबू नये. १९८८ साली अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात ही पद्धत मांडली आणि तिला ‘रेड’ हे नाव दिलं. महागडी मोठी डिस्क घेण्याऐवजी स्वस्त, छोट्या डिस्क एकत्र लावा, हा त्यांचा विचार.

समजा सर्व्हरमध्ये २ टीबीच्या ४ डिस्क आहेत. मग असं होतं:

- रेड-०: डेटा चारही डिस्कवर वाटून टाकतात. जागा पूर्ण ८ टीबी, वेग भारी. पण एक डिस्क गेली की सगळं गेलं. संरक्षण शून्य.
- रेड-५: जागा ६ टीबी. कोणतीही एक डिस्क गेली तरी चालतं.
- रेड-६: जागा ४ टीबी. कोणत्याही दोन गेल्या तरी चालतं.
- रेड-१०: जागा ४ टीबी. डिस्कच्या जोड्या असतात आणि जोडीतल्या दोन्हींवर तोच डेटा. वेगही चांगला. प्रत्येक जोडीतली एक डिस्क शाबूत पाहिजे.

दोनच डिस्क असतील आणि दोन्हींवर तोच डेटा असेल, तर ते रेड-१.

रेड-५ मध्ये दुसरी प्रत नसताना डेटा परत कसा येतो? वहीतल्या बेरजेसारखा. एका पानावर २५, दुसऱ्यावर १७ आणि तिसऱ्यावर बेरीज ४२ लिहिली. १७ चं पान फाटलं, तर ४२ मधून २५ वजा करा, १७ परत मिळाले. संगणकाची आकडेमोड वेगळी असते, पण युक्ती हीच.

खराब डिस्क काढून नवी लावली की सर्व्हर तिच्यावर डेटा पुन्हा भरतो. चांगल्या सर्व्हरवर हे वेबसाइट बंद न करता होतं. मोठ्या डिस्कला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. रेड-५ मध्ये तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली, तर खेळ खल्लास.

विहीर आटली तर?

विहिरीवर दोन मोटारी बसवल्या, की एक जळाली तरी पाणी चालू राहतं. पण विहीरच आटली तर दोन मोटारी असून काय उपयोग? रेड म्हणजे दुसरी मोटार. बॅकअप म्हणजे दुसरी विहीर.

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच क्लाउड या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक अख्खी इमारत जळाली. लाखो वेबसाइट बंद पडल्या. ज्यांची प्रत दुसरीकडे नव्हती, त्यांचा डेटा कायमचा गेला. आपल्याकडे २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. पाच जणांचा जीव गेला आणि असंख्य फाइली जळाल्या. कागद असो की डिस्क, अशा वेळी उपयोगी पडते ती दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत.

चुकून डिलीट, हॅकिंग, व्हायरस, आग, भरायचं राहिलेलं बिल, यातल्या एकापासूनही रेड वाचवत नाही.

होस्टिंग घेताना हे पाच प्रश्न विचाराच

१. रेड कोणतं आहे?
२. बॅकअप रोज होतो का आणि किती दिवसांचा ठेवता?
३. तो त्याच सर्व्हरवर असतो की दुसऱ्या शहरात?
४. डेटा परत आणायला किती वेळ आणि किती पैसे लागतात?
५. माझी प्रत मला स्वतः डाउनलोड करता येते का?

आणि आपल्या बाजूने ३-२-१ चा नियम पाळा: डेटाच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या ठिकाणी. मी आता दर शनिवारी दुकान बंद केल्यावर वेबसाइटच्या फाइली आणि डेटाबेस, दोन्ही उतरवून घेतो. नुसत्या फाइली घेतल्या तर ऑर्डर येत नाहीत, कारण त्या डेटाबेसमध्ये असतात. एक प्रत घरच्या पेनड्राइव्हवर, एक गुगल ड्राइव्हवर.

घेतलेला बॅकअप अधूनमधून उघडूनही बघा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस पुसला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण ऐनवेळी एकही नीट चालली नाही. सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. तरी मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच.

३१ मार्चला आपण वर्षाचा हिशोब बंद करतो. जगभरात तोच दिवस ‘वर्ल्ड बॅकअप डे’ म्हणून पाळतात. पण तोपर्यंत थांबू नका. आज रात्री शटर ओढलं की पहिली प्रत उतरवून घ्या. ती कशी घ्यायची, ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवतो. भेटू!