ओसाड शेताचे वन झाले

अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड १९०९ मध्ये सरकारी वनसेवेत रुजू झाले. लांडगे कमी झाले की हरणे वाढतील, असे तेव्हा त्यांनाही वाटे. परंतु गोळीबारात घायाळ झालेल्या एका मरणासन्न लांडगीची नजर ते विसरू शकले नाहीत. पुढे, लांडगे नाहीसे झालेल्या डोंगरांवर हरणांनी झाडोरा फस्त केल्याचेही त्यांनी पाहिले. कोणताही जीव निरुपयोगी नाही, ही त्यांची धारणा दृढ झाली.

१९३५ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठचे एक निकस, उजाड शेत विकत घेतले. तिथले कोंबड्यांचे जुने खुराडे हेच कुटुंबाचे सुट्टीतील घर बनले. प्रारंभीची पाइनची बहुतेक रोपे दुष्काळाने करपली. तरी दर वसंतात पती-पत्नी आणि पाच मुले नव्याने लावणी करीत राहिली.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातील वणवा विझविताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे विख्यात पुस्तक ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ १९४९ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झाले.

१९८२ मध्ये पाचही अपत्यांनी न्यास स्थापून ती भूमी संवर्धनासाठी त्याच्या स्वाधीन केली. वडिलांनी जमिनीचा मालक होण्याऐवजी तिचा राखणदार होण्याचे शिकविले होते. मुलांनी तोच वारसा स्वीकारला.