औषध शुद्ध करणारे मणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्तनाच्या कर्करोगावरचे ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड-औषध चिनी हॅमस्टरच्या पेशींकडून तयार करून घेतात. या पेशी ज्या द्रवात वाढवतात, त्यात औषधासोबत पेशींची स्वतःची प्रथिने आणि डीएनएही असतात. ती काढल्याशिवाय औषध रुग्णाला देता येत नाही.

गैरसमज १: गाळणी बारीक असली की औषध शुद्ध होते.
वस्तुस्थिती: गाळणीत पेशी आणि त्यांचे तुकडे अडकतात, विरघळलेली नकोशी प्रथिने औषधासोबत पार होतात. म्हणून द्रव रेझिनच्या मण्यांनी भरलेल्या कॉलममधून सोडतात. मण्यांना जोडलेले ‘प्रोटीन ए’ प्रतिपिंडाला धरून ठेवते, बाकीचे वाहून जाते. मग आम्लधर्मी द्रावण सोडले की प्रतिपिंड सुटते.

गैरसमज २: ही पकड मण्याच्या बाहेरच्या बाजूला होते.
वस्तुस्थिती: जवळजवळ सगळी पकड आत होते. समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अगारोजचा मणी बहुधा ०.१ मिलिमीटरहूनही लहान असतो आणि त्यात दहा नॅनोमीटरच्या काही पट रुंदीच्या वाटांचे जाळे असते. प्रतिपिंड सुमारे १० नॅनोमीटरचे. ते या जाळ्यातून किती वेगाने आत शिरते, यावर कॉलमची क्षमता बरीचशी ठरते.

गैरसमज ३: मण्याची अंतर्रचना कळायला सूक्ष्मदर्शकाखालचा एक फोटो पुरेसा आहे.
वस्तुस्थिती: सपाट फोटोत छिद्रे दिसतात, पण ती एकमेकांना कशी जोडली आहेत ते कळत नाही. शिवाय ओला मणी वाळवला की आकसतो आणि चित्र फसवे ठरते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी अगारोज, सेल्युलोज आणि सिरॅमिकच्या मण्यांची अंतर्रचना एक्स-रे टोमोग्राफीने, तसेच आयनझोताने थरामागून थर कापत टिपून, त्रिमितीत उभी केली. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक आणखी एक गोष्ट दाखवतो: चमकता रंग जोडलेले प्रथिन मण्याच्या कडेपासून केंद्राकडे कसे सरकते.

गैरसमज ४: छिद्रे मोठी केली की काम भागले.
वस्तुस्थिती: छिद्रे मोठी केली तर प्रथिन लवकर आत शिरते, पण पकडीची जागा घटते आणि मणी कमकुवत होतो. मणीच लहान केला तर आतला प्रवास आखूड होतो, पण कॉलममधला दाब वाढतो. त्रिमितीय चित्रावरून संगणकीय प्रतिरूप बनवले की हा तोल आधीच अजमावता येतो.

अर्थात, चित्र म्हणजे शुद्धतेचा दाखला नव्हे. नवा मणी कॉलममध्ये, खऱ्या द्रवावर आणि पुनःपुन्हा धुऊन तपासावाच लागतो. पण आत काय अडते आहे हे दिसल्यावर सुधारणा अंदाजावर सोडावी लागत नाही. रेझिन महाग आहे. तेवढ्याच रेझिनमधून अधिक औषध शुद्ध झाले, तर अशी औषधे अधिक रुग्णांच्या आवाक्यात येऊ शकतात. म्हणूनच हे संशोधन मोलाचे आहे.