मुलांचं वाढलेलं वजन आणि मोबाइल: कोणतं ॲप वापरायचं, कोणतं टाळायचं?

आजचा विषय नेहमीच्या टिप्स-ट्रिक्सपेक्षा थोडा वेगळा आहे. आमच्याच घरात घडलेला आहे, आणि त्यात चूक माझी होती. म्हणून आधी तीच सांगतो.

आमचं घर सोलापुरात, सात रस्त्याजवळ. धाकट्या भावाला नुकतीच १० वर्षं पूर्ण झाली होती. उंची १३८ सेंमी, वजन ४२ किलो. आजी म्हणायची, "खात्यापित्या घरचं पोरगं आहे." आईला मात्र काळजी. घरात मोबाइलमधलं कळणारा मीच, म्हणून काम माझ्याकडे आलं.

पहिली चूक: मोठ्यांचा बीएमआय कॅल्क्युलेटर

गुगलवर पहिला दिसला तो कॅल्क्युलेटर उघडला. बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. ४२ भागिले (१.३८ × १.३८), उत्तर साधारण २२. स्क्रीनवर हिरव्या रंगात 'नॉर्मल' आलं आणि आम्ही निवांत झालो.

पण १८.५ ते २४.९ नॉर्मल हे माप मोठ्या माणसांचं आहे. मुलं वाढत असतात, म्हणून त्यांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी बघूनच वाचावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १० वर्षांच्या मुलाचा मधला आकडा १६.४ आहे. १८.५ च्या पुढे जास्त वजन आणि २१.४ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. म्हणजे जो आकडा मोठ्यांसाठी हिरवा, तोच माझ्या भावासाठी लाल होता.

मग बरोबर साधन कोणतं? भारतीय मुलांसाठी इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे ५ ते १८ वर्षांचे वाढीचे तक्ते आहेत. २०१५ साली ते सुधारले गेले. आपल्याकडे कमी बीएमआयलाही मधुमेहाचा धोका दिसतो, म्हणून त्यातल्या रेषा मोठ्यांच्या २३ आणि २७ या आकड्यांशी जुळवून काढल्या आहेत. साधा नियम लक्षात ठेवा: जो कॅल्क्युलेटर मुलाचं वय किंवा जन्मतारीख विचारत नाही, तो मुलांसाठी नाही.

दुसरी चूक: कॅलरी मोजणारं ॲप

आकडा कळल्यावर मी लगेच एक कॅलरी मोजणारं ॲप टाकलं. कडक भाकरी आणि शेंगा चटणी त्याला सापडेचना, म्हणून जवळचं काहीतरी निवडून अंदाजे आकडे भरत गेलो. मर्यादा ओलांडली की पट्टी लाल व्हायची.

आठवड्याभरात भाऊ रोज रात्री विचारायला लागला, "दादा, आज मी लाल झालो काय?" नंतर डबा अर्धा परत यायला लागला. एक दिवस त्याच्या दप्तरात लपवलेला लाडू सापडला. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी त्याला मदत करत नव्हतो, खाण्याची भीती शिकवत होतो.

बालरोगतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिलं काम ते ॲप काढायला लावण्याचं केलं. अशा अनेक ॲपच्या अटींमध्ये वापरणारा १८ वर्षांपुढचा हवा असं लिहिलेलं असतं. मी न वाचताच 'ॲग्री' दाबलं होतं.

आणखी एक धोका डेटाचा. अमेरिकेत वेट वॉचर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचं 'कुर्बो' नावाचं मुलांसाठीचं वजनाचं ॲप होतं. पालकांच्या योग्य संमतीशिवाय मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये कंपनीला १५ लाख डॉलर दंड मान्य करावा लागला. ती माहिती आणि तिच्यावर बनवलेले अल्गोरिदमही पुसायला सांगितले गेले. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल डेटा कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, असं म्हटलं आहे. त्यामुळे भावाबहिणीचं वजन कुठल्याही अनोळखी ॲपमध्ये भरू नका.

मग मोबाइलचा उपयोग काय?

डॉक्टरांचं म्हणणं होतं, "त्याचं वजन घटवायच्या मागे लागू नका. उंची वाढू द्या, वजन आहे तिथे राहू द्या. आणि बदल एकट्या पोराचा नको, घराचा करा." त्यावरून आम्ही हे केलं:

१. महिन्यातून एकदाच नोंद. आईच्या मोबाइलवर एक साधी शीट: तारीख, उंची, वजन. रोज काट्यावर उभं करायचं नाही. शीट भावाला दाखवायची नाही.

२. स्क्रीनवर मर्यादा. त्याच्या टॅबवर गुगलचं फॅमिली लिंक टाकलं. रात्री ९ ला टॅब बंद. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते, आणि कमी झोपेचा वजनाशी संबंध आहे. जेवताना यूट्यूब बंद, हा नियम सगळ्यांना. सर्वात जास्त त्रास मलाच झाला.

३. घराची मिळून पावलं. पावलं आई, बाबा आणि माझ्या मोबाइलवर मोजायची आणि तिघांची बेरीज करायची. भावाला आकडा नाही, फक्त सोबत. सोलापूरच्या उन्हात दुपारी शक्य नाही, म्हणून संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकडे चक्कर. मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी. चालणं ही सुरुवात, बाकी तो गल्लीत क्रिकेट खेळून भरून काढतो.

४. लेबलचा फोटो. दुकानात पाकिटाच्या मागचा फोटो काढून झूम करायचा. १०० मिलीला १०.६ ग्रॅम साखर लिहिली असेल तर २५० मिलीच्या बाटलीत २६.५ ग्रॅम, म्हणजे साडेसहा चमचे. हा हिशोब भाऊ स्वतः करतो, त्याला ते कोड्यासारखं वाटतं. आता थंड पेयाऐवजी घरचं ताक असतं. भाकरी आणि चटणी कुणीही बंद केली नाही.

सहा महिन्यांनी

उंची १४१, वजन ४२ च. बीएमआय साधारण २१.१. वयाबरोबर तक्त्यातली रेषाही वर सरकते, त्यामुळे तो आता लठ्ठपणाच्या रेषेखाली आला आहे. वजन अजून जास्तच आहे, पण दिशा बरोबर आहे. डबा मात्र रिकामा परत येतो, आणि मला त्याचाच जास्त आनंद आहे.

तुमच्या घरात असं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. विशेषतः मानेवर काळपट जाडसर पट्टा दिसत असेल, मूल घोरत असेल किंवा थोडं चालून धाप लागत असेल तर थांबू नका. आणि त्याला 'जाड्या' म्हणणं आजच बंद करा. त्यासाठी कुठलंही ॲप लागत नाही.