ताण सरला, तरी झोप का परतत नाही?

गैरसमज : दिवसभर राबलेल्या माणसाला झोप लागतेच, न लागणाऱ्याला नको ते विचार करायची खोड असते.

वस्तुस्थिती : थकवा आला म्हणजे झोप येईलच असं नाही. ताणाखाली मेंदू शरीराला सावध ठेवतो. अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसोल वाढतात, छातीचे ठोके जलद होतात, स्नायू आखडतात. एरवी मध्यरात्रीच्या सुमारास कॉर्टिसोल सर्वांत कमी असतं. निद्रानाशात ते रात्रीही चढं राहू शकतं. अंग मोडून आलेलं असतं, डोळा मात्र लागत नाही. अशा माणसाला ‘विचार करू नकोस’ असं बजावणं सोडून द्या. त्याने ताण वाढतोच.

गैरसमज : कारण मिटलं की झोप आपोआप ताळ्यावर येते.

वस्तुस्थिती : अनेकांची येते, पण सगळ्यांची नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८०च्या दशकात याचं कारण मांडलं. झोप बिघडवतो ताण. ती बिघडलेली ठेवतात आपलेच उपाय. रात्र जागून गेली म्हणून दुसऱ्या दिवशी नऊलाच आडवं व्हायचं, दुपारी ताणून द्यायची, सकाळी लोळत राहायचं. यातून गादीवर जागं पडण्याचे तास वाढतात आणि मेंदूला तीच सवय लागते. टीव्हीपुढे पेंगणारा माणूस गादीला पाठ टेकताच टक्क जागा होतो, तो यामुळे. यावर मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२मध्ये सुचवलेली पद्धत आजही वापरतात : पेंग आली तरच गादीवर जा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं, तर उठून मंद उजेडात शांत बसा. घड्याळ बघू नका. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठा. सुरुवातीचे दिवस जड जातात, हे घरच्यांनीही समजून घ्यावं.

गैरसमज : एखादा पेग किंवा मेडिकलमधली गोळी पुरते.

वस्तुस्थिती : दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. गोळी डॉक्टरांनीच ठरवावी. रोजची गोळी एकदम बंदही करू नये. दीर्घ निद्रानाशावर आधी वर्तनोपचार द्यावेत, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६मध्ये केली.

आठवड्यातल्या तीन रात्री झोप नाही, असे तीन महिने गेले असतील तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना भेटा. मन फारच जड झालं असेल तर टेली-मानस या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं, मराठीतूनही.