विस्तवाविना उतरणारा रस

वनस्पतीतील चव, रंग आणि आम्ल पाण्यात उतरवून घरगुती पेये करण्याच्या जगातील बहुतेक रीती उकळत्या पाण्यावर अवलंबून असतात. मात्र कोकणच्या किनाऱ्यावर रातांब्यापासून, म्हणजे कोकमाच्या ताज्या फळापासून, जी पेये घरोघरी होतात त्यांत चुलीला जवळजवळ स्थान नसते. वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, दाभोळच्या समोरच्या तीरावर वसलेले अंजनवेल हे गुहागर तालुक्यातील गाव याच प्रदेशातले. जांभ्या दगडाच्या या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकतात आणि त्यांचा रस मीठ, साखर व ऊन या तिघांच्या मदतीने काढला जातो. ही रीत केवळ सोयीची म्हणून टिकलेली नाही; या फळाची रासायनिक घडण पाहिली, तर विस्तव टाळण्यामागे भक्कम कारणे दिसतात.

कोकमाचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. पिकलेल्या फळाच्या जाड, गडद लाल सालीत दोन गोष्टी विपुल असतात. पहिली म्हणजे हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल, जे लिंबातील सायट्रिक आम्लाचे जवळचे भावंड असून त्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू अधिक असतो. कोकमाच्या कुळातील मलबारी चिंचेत पूर्वी सायट्रिक आणि टार्टारिक आम्ले असावीत असा समज होता. लुईस आणि नीलकंठन या संशोधकांनी 1965 मध्ये तिच्यातील मुख्य आम्ल वेगळेच, म्हणजे हेच हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल, असल्याचे दाखवून दिले. दुसरी गोष्ट म्हणजे अँथोसायनिन हा जांभूळ, करवंद यांनाही रंग देणारा, पाण्यात विरघळणारा रंगद्रव्यांचा गट. आम्लात तो लाल राहतो, आम्लता घटत गेली की जांभळट होतो आणि अल्कलीत निळसर-हिरवट होऊन लवकरच विघटन पावतो. उष्णतेनेही त्याचे रेणू मोडतात, त्यामुळे फार वेळ उकळलेला कोकमाचा रस तपकिरी दिसू लागतो. उकळून आटवताना आम्लाचेही रूप पालटते: रेणूतून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि लॅक्टोन नावाचे कडीसारखे मिटलेले संयुग तयार होते. विस्तवाने रस झटपट निघेल खरा, पण ज्यासाठी तो काढायचा तेच त्यात कमी होत जाईल.

मग रस बाहेर कसा येतो? फोडलेल्या रातांब्याच्या साली आणि गर बरणीत मिठासह थरांनी भरले, की बाहेरच्या दाट मिठाच्या पाण्याकडे फळाच्या पेशींतील पाणी ओढले जाते; अशा पडद्यातून पाण्याच्या होणाऱ्या प्रवासाला परासरण म्हणतात. पाणी गमावलेल्या पेशींचे पडदे पुढे निकामी होतात आणि आम्ल व रंगही पाण्यामागोमाग बाहेर पडतात. हेच आगळ. त्यात साधारण 15 ते 20 टक्के मीठ असते आणि एवढ्या मिठात, शिवाय एवढ्या आंबट द्रवात, बहुतेक जिवाणूंना वाढता येत नाही, म्हणून ते न उकळताही वर्षभर टिकते. अमृत कोकमात मिठाची जागा साखर घेते. सालींच्या वाट्या साखरेने भरून, बरणीचे तोंड बांधून ती काही दिवस उन्हात ठेवली, की साखर रसात विरघळून दाट पाक बनतो. मात्र साखर कमी पडली तर पाणी मोकळे राहते, यीस्ट वाढतात आणि पाक फसफसतो. साखरेत काटकसर केलेली बरणी आंबते, ती एवढ्याचसाठी.

आमसुलाची कृती या दोन्हींहून अधिक कष्टाची आहे आणि तिची वाखाणणी पुरेशी होत नाही. साली वाळत घालायच्या, गरातून निघालेल्या रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, अशी पुटे अनेकदा दिली जातात. दर पुटाला पाणी उडून जाते आणि आम्ल व रंग मागे राहतात, त्यामुळे चांगल्या आमसुलात सालीचा स्वतःचा ऐवज तर असतोच, शिवाय गराचाही उतरलेला असतो. काळेभोर, मऊ, किंचित चिकट आमसूल आणि कडक, फिकट आमसूल यांतला फरक बहुधा या पुटांत कसूर झाली की नाही यावरच ठरतो.

सोलकढीत आगळ किंवा भिजवलेल्या आमसुलाचे पाणी नारळाच्या दुधाला मिळते. नारळाचे दूध हे पायस आहे, म्हणजे तेलाचे सूक्ष्म थेंब प्रथिनांच्या आवरणामुळे पाण्यात तरंगत राहतात. आम्लाने या प्रथिनांची पकड आधीच सैल होते. त्यात उष्णतेची भर पडली की थेंब एकमेकांत मिसळून कढी फाटते. म्हणून सोलकढी उकळत नाहीत. नारळाच्या दुधामुळे आम्लता थोडी उतरते व पांढऱ्या थेंबांवर प्रकाश विखुरतो, आणि दोन्ही मिळून तो ओळखीचा गुलाबी रंग येतो. हे सारे काच, चिनी माती किंवा स्टीलच्या भांड्यातच करणे इष्ट, कारण इतके तीव्र आम्ल तांबे, बिनकल्हईचे पितळ व ॲल्युमिनियम यांना खाते आणि धातूचे अंश पेयात उतरतात.

बाजारातील लाल सरबत खरे की रंगवलेले, याची परीक्षा घरीही करता येते. थोड्या सरबतात चिमूट-दोन चिमूट खाण्याचा सोडा टाकत गेल्यास अँथोसायनिनचा लाल रंग जांभळट, निळसर होतो. कृत्रिम लाल रंग बहुधा लालच राहतो. तपासलेले सरबत अर्थातच पिऊ नये.

वजन कमी करण्याच्या गोळ्यांमुळे हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाला मध्यंतरी मोठी प्रसिद्धी मिळाली. शरीरात चरबी तयार होण्याच्या मार्गातील एका विकराला हे आम्ल परीक्षानळीत अडवते, हे खरे. परंतु मलबारी चिंचेचा अर्क वापरून 135 व्यक्तींवर 12 आठवडे केलेल्या आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत बनावट गोळीच्या तुलनेत वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. कोकम प्यावे ते तहानेसाठी आणि चवीसाठी. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आगळातील मिठाचा आणि मधुमेह असणाऱ्यांनी अमृत कोकमातील साखरेचा हिशेब ठेवावा.

थंड पाण्यात उतरवलेल्या पेयाचे दुसरे मोठे उदाहरण पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस, पराग्वेत आहे. तेथे येर्बा माते या झाडाची वाळवलेली पाने थंड पाण्यात घालून ते पाणी गाळणीच्या नळीने ओढले जाते. या पेयाला तेरेरे म्हणतात आणि औषधी वनस्पतींसह ते पिण्याच्या परंपरेला 2020 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. मातेच्या पानांत कॅफीन असते, कोकमात ते नसते. मात्र मातेची पाने वाळवण्यापूर्वी आगीवर शेकावी लागतात, नाहीतर त्यांतील विकरे पाने काळी पाडतात. रातांब्याला शेकण्याची गरज पडत नाही. त्याचे स्वतःचे आम्लच रंगाचे रक्षण करते.

दोन्ही झाडांत आणखी एक साम्य आहे: दोघांतही नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून लावलेल्या कोकमाच्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षे जातात. मादी झाडाच्या फांदीपासून केलेल्या कलमांनी ही अडचण दूर केली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये प्रसारित केलेल्या ‘कोकण अमृता’ या जातीचे विशेष मोल तिच्या लवकर पिकण्यात आहे, कारण ज्या उन्हावर ही सारी प्रक्रिया उभी आहे ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच संपते. उशिरा पिकणारे रातांबे पावसात गळतात, भिजतात आणि वाळवायला जागा नसल्याने झाडाखालीच कुजतात.