नाकाची सूज आणि सुईची घाई

अब्रू गेली की आपण ‘नाक कापले’ म्हणतो. एवढ्याशा अवयवाला आपण केवढे मोल दिले आहे! म्हणूनच अपघातामुळे नाकाची शस्त्रक्रिया करावी लागली, आणि महिना उलटून गेला तरी शेंडा फुगलेलाच दिसला, की घरची मंडळी कासावीस होतात. ‘डॉक्टर, एक सुई द्या ना, उतरून जाईल!’ असा लकडा सुरू होतो. आता, अशी सुई खरोखरच आहे. पण ती कोणाला, केव्हा आणि किती, हे नीट समजून घेतले पाहिजे.

नाक दुरुस्त करण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. १७९२ साली इंग्रज फौजेचा बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाच्या पत्र्याने नाकाचे माप घेतले, तेवढी कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली आणि त्याला नवे नाक करून दिले. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ही हकीकत छापून आली. तिच्यावरून धडा घेऊन १८१४ साली कार्प्यू नावाच्या सर्जनने तिकडे तशीच शस्त्रक्रिया केली.

पण कारागीर असो की सर्जन, तो कातडी जुळवून देतो. सांधण्याचे काम शरीरच करते. शेताचा बांध फुटला की माणसे धावतात, माती टाकतात. भगदाड बुजल्यावरही कोणी माती टाकीतच राहिला तर काय होईल? तिथे ढीग होईल. जखमेचेही तसेच आहे. भरून आल्यावरही आत तंतू साचत गेले, तर घट्ट, जाड व्रण तयार होतो.

या कामाला ‘पुरे’ म्हणणारे औषध म्हणजे स्टेरॉईड. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी या जातीचा रस स्वतःच तयार करतात. १९४८ साली अमेरिकेत हेंच यांनी संधिवाताच्या रोग्याला कॉर्टिसोन दिले. १९५० साली केंडाल, राइकस्टाइन आणि हेंच यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज व्रणासाठी बहुधा ट्रायमसिनोलोन वापरतात. ते सूज दाबते आणि तंतूंची वाढ आवरते.

गुण आणि धोका दोन्ही एकाच ठिकाणी आहेत, मंडळी! जे औषध माती टाकणे थांबवते, ते जास्त झाले तर खड्डा पाडते. कातडी पातळ होते, पांढरा डाग पडतो, बारीक शिरा दिसू लागतात. क्वचित, फार क्वचित, नाकात दिलेली सुई डोळ्याच्या रक्तवाहिनीला बाधून दृष्टीही गेली आहे. म्हणून जाणता सर्जन थेंबांच्या हिशेबाने, कातडीच्या खाली, नेमक्या जागी औषध देतो आणि पुन्हा देण्यापूर्वी चार-सहा आठवडे थांबतो.

बहुतेकांना तर तिची गरजही पडत नाही. बरीचशी सूज काही आठवड्यांत ओसरते. शेंड्याची सर्वांत शेवटी जाते. पुरा आकार दिसायला वर्षभर लागते, कातडी जाड असेल तर त्याहूनही अधिक. दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढून ठेवा. आरशापेक्षा तो खरे सांगेल. मात्र ताप, पू, वाढता ठणका किंवा लाली दिसली तर वाट पाहू नका, डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर तोही सांगा. या औषधाने साखर वाढू शकते.

आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागात विचारावे. सुई देणारा गावात कोणीही भेटेल. नाक मात्र एकच आहे. गुरुजींनाही विनंती: नाकावर पट्टी असलेले मूल वर्गात आले, तर त्याला कोणी चिडवणार नाही एवढे पाहा, आणि त्याच्या पालकांना हे समजावून सांगा. सर्जनने आपले काम केले आहे. आता उरलेले काम शरीराला त्याच्या वेळेने करू द्या.